दुभंगलेल्या जिभेचा बूट

बुटाच्या जिभेकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. लेस घट्ट ओढल्यावर तिचा काच थेट पायावर येऊ नये, यासाठी पावलाच्या वरच्या उंचवट्यावर ठेवलेली ती एक पट्टी. साध्या बुटात ती फक्त खालच्या टोकाला, बोटांच्या बाजूला शिवलेली असते आणि वरचं टोक मोकळं असतं. चालताना याचा काही त्रास होत नाही, पण पळताना होतो. टाच जमिनीला टेकल्यावर पाऊल दर खेपेला किंचित आतल्या बाजूला कलतं, लेसचा ताण दोन्ही बाजूंना सारखा राहत नाही आणि जीभ हळूहळू बाहेरच्या कडेला सरकत जाते. काही किलोमीटरनंतर लेस एका बाजूला पावलाच्या हाडावर घासू लागते. मग थांबायचं, वाकायचं, जीभ सरळ करायची आणि पुन्हा पळायचं. लांब पल्ल्याचा सराव करणाऱ्या कुणालाही हे सांगावं लागत नाही.

अॅसिक्स या जपानी कंपनीतले रचनाकार शिगेयुकी मित्सुई यांनी या त्रासावर जो उपाय शोधला, तो 1990 साली जेल-लाइट थ्री या पळण्याच्या बुटात आला. त्यांनी जीभ मधोमध उभी दुभागली. डावा भाग बुटाच्या डाव्या बाजूला शिवला, उजवा भाग उजव्या बाजूला. लेस ओढली की दोन्ही भाग मध्याकडे येतात आणि पावलाला मोज्यासारखे लपेटतात. मोकळं टोकच उरलेलं नसल्यामुळे जीभ सरकण्याचा प्रश्नच येत नाही. नवं रसायन नाही, नवं यंत्र नाही, सुटा भागही नाही. शिवणीची जागा बदलली आणि अडचण संपली.

बूट चांगला होता, तरी काही वर्षांत तो मागे पडला. पळण्याच्या बुटांच्या धंद्यात हे ठरलेलंच असतं. वर्ष-दोन वर्षांत नवी आवृत्ती येते, तिच्यात नवा फेस असतो, वजन काही ग्रॅमनी कमी असतं आणि दुकानदार जुना माल सवलतीत काढून मोकळा होतो. पळणारा माणूसही भावनेनं बूट घेत नाही. साधारण 500 ते 800 किलोमीटर झाले की तळ बसतो, जोड टाकून द्यावा लागतो आणि पुढचा घेताना दुकानात जे असेल ते घेतलं जातं. जुन्या घड्याळाला किंवा रेडिओला घरात कपाट तरी मिळतं. घामानं भिजलेला, झिजलेला बूट कोण जपून ठेवणार? 1990च्या आसपास पळण्याचे कितीतरी उत्तम बूट बनले आणि त्यांतले बहुतेक कंपन्यांच्या जुन्या कॅटलॉगांतच उरले.

जेल-लाइट थ्रीचं नशीब बदललं ते 2007 साली, न्यूयॉर्कमध्ये. पण त्याआधी तो बनवणाऱ्या कंपनीची वाटचाल पाहायला हवी, कारण दुभागलेली जीभ ही त्या कंपनीच्या जुन्या सवयीचंच फळ आहे.

1949 साली कोबे शहरात किहाचिरो ओनित्सुका यांनी बुटांचा कारखाना काढला. ते युद्धातून परतलेले सैनिक. हरलेल्या, उपाशी देशातली पोरं रस्त्यावर भरकटताना दिसत होती आणि खेळानं ती सावरतील असं त्यांना मनापासून वाटत होतं. बूट बनवण्याचा अनुभव त्यांना नव्हता. तरीही त्यांनी सुरुवात केली ती बास्केटबॉलच्या बुटांपासून, म्हणजे सगळ्यांत अवघड कामापासून. या खेळात पळता पळता जागच्या जागी थांबावं लागतं आणि बूट घसरला तर खेळाडू पडतो. 1951च्या उन्हाळ्यात काकडी घातलेल्या ऑक्टोपसच्या कोशिंबिरीत त्यांना त्या प्राण्याच्या पायावरचे चोषक दिसले. त्या खोलगट वाट्यांसारखे खळगे बुटाच्या तळाला पाडले तर तो जमीन धरून ठेवेल, हा विचार त्यांना तिथे सुचला. पुढे मॅरेथॉन पळणाऱ्यांच्या पायांना येणाऱ्या फोडांचा प्रश्न त्यांनी हाती घेतला. फोड उष्णतेनं येतात, हे वैद्यकाच्या जाणकारांकडून समजून घेतलं आणि 1950च्या दशकाच्या अखेरीस प्रत्येक पावलासरशी आतली गरम हवा बाहेर फेकणारा मॅजिक रनर हा बूट काढला.

ओनित्सुकांच्या कामाची रीत या दोन्ही प्रसंगांत सारखी आहे. आधी खेळाडूच्या पायाशी बसायचं, त्याला नेमकं काय टोचतं ते विचारायचं आणि मग बुटाला हात घालायचा. 1962 साली फिल नाइट नावाचा अमेरिकन तरुण कोबेला येऊन हे बूट अमेरिकेत विकण्याची परवानगी घेऊन गेला. 1964 साली त्यानं आपले प्रशिक्षक बिल बोवरमन यांच्यासोबत ब्लू रिबन स्पोर्ट्स सुरू केली आणि ओनित्सुकांशी फाटल्यावर तीच कंपनी नायकी झाली. इकडे जपानात 1977 साली ओनित्सुकांची कंपनी आणखी दोन कंपन्यांत मिळाली आणि अॅसिक्स जन्माला आली. 1986 साली तिनं टाचेखाली सिलिकॉनयुक्त जेल बसवायला सुरुवात केली. फेस दाबला की बसतो आणि वापरागणिक थोडा थोडा बसलेलाच राहतो. जेल बाजूला पसरून धक्का वाटून घेतं आणि लगेच मूळ आकारात येतं. जेल-लाइट मालिका त्यातूनच निघाली. हलका फेस आणि टाचेत जेल ही तिची मूळ कल्पना होती. तिच्या तिसऱ्या बुटात मित्सुईंची जीभ आली.

आता न्यूयॉर्क. डेव्हिड झी या बुटांच्या दुकानांत रॉनी फीग हा तरुण अगदी पोरवयापासून काम करत होता. आधी गोदामातून खोकी आणून देणं, मग विक्री, मग खरेदी. गिऱ्हाईक बूट हातात घेतं तेव्हा आधी काय बघतं, कुठे बोट फिरवतं, कशावरून परत ठेवतं, हे त्यानं वर्षानुवर्षं पाहिलेलं. 2007 साली त्याला अॅसिक्ससोबत एक छोटी मालिका करण्याची संधी मिळाली. कंपनीच्या जुन्या बुटांतून त्यानं जेल-लाइट थ्री निवडला आणि त्याचे तीन रंग काढले. जोड मोजकेच होते. वॉल स्ट्रीट जर्नलसारख्या अर्थविषयक दैनिकानं त्याची दखल घेतली आणि माल बघता बघता संपला. त्याच सुमारास अॅमस्टरडॅमचं पाटा हे दुकानही याच बुटाचे आपले रंग घेऊन आलं. म्हणजे समुद्राच्या दोन्ही काठांवरच्या दुकानदारांची नजर जवळपास एकाच वेळी त्या बुटावर गेली. 2011 साली फीगनं किथ हे स्वतःचं दुकान काढलं आणि पुढची अनेक वर्षं जेल-लाइट थ्रीचे नवनवे रंग तिथून निघत राहिले. सकाळी दार उघडण्याआधीच बाहेर लांब रांग, हे दृश्य तिथे नेहमीचं झालं.

फीगनं हाच बूट का उचलला असेल? जोड हातात घेऊन पाहिला की उत्तर बरंचसं सापडतं. जेल-लाइट थ्रीचा वरचा भाग अनेक तुकड्यांचा आहे. बोटांवरची जाळी वेगळी, तिच्याभोवतीची पट्टी वेगळी, लेसच्या भोकांची पट्टी, 1966पासून चालत आलेले बाजूचे तिरके पट्टे, टाचेची पाठ, टाच धरून ठेवणारा कडक भाग आणि जिभेचे दोन अर्धे, सगळं वेगवेगळं. पळणाऱ्यासाठी त्या प्रत्येक तुकड्याला काम होतं. कुठे हवा जायला हवी, कुठे ताण सोसायला हवा, कुठे पाऊल हलता कामा नये, यावरून कापड आणि शिवण ठरली होती. रंगांचा जाणकार त्याच बुटाकडे पाहतो तेव्हा त्याला आठ-दहा स्वतंत्र चौकटी दिसतात. फीगनं साध्या कापडाच्या जागी मऊ स्वेड आणलं, ताण सोसणाऱ्या तुकड्यांना गडद रंग दिले, एखाद्याच ठिकाणी उठावदार छटा ठेवली. त्याचं कौशल्य खरंच मोठं आहे. तरी मला वाटतं, ते मोठं ठरलं कारण त्यानं मूळ रचनेचे सांधे झाकले नाहीत. रंगांमुळे ते आणखी स्पष्ट दिसू लागले. दुभागलेली जीभ 1990 साली पळणाऱ्याच्या पायाला कळत होती; 2007नंतर ती रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांना कळू लागली.

अशा सहयोगाचे जोड मोजकेच का काढतात, याचं एक उत्तर सगळ्यांना माहीत आहे. टंचाई असली की मागणी वाढते. पण कारखान्याच्या बाजूनं पाहिलं तर आणखी एक कारण दिसतं आणि मला ते जास्त महत्त्वाचं वाटतं. विसरला गेलेला बूट पुन्हा काढणं ही कंपनीसाठी जोखीम असते. तळ ओतण्यासाठी धातूचे साचे लागतात आणि प्रत्येक मापाला वेगळा साचा लागतो. वरचा भाग ज्यावर ताणून बसवतात त्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्याला आपल्याकडचे कारागीर फर्मा म्हणतात. तोही मापागणिक वेगळा. बंद झालेल्या मॉडेलचे साचे वर्षानुवर्षं सांभाळणं परवडत नाही, ते भंगारात जातात. ते नव्यानं करायचे म्हणजे मोठा खर्च, तोही कुणी विचारेल की नाही याची खात्री नसताना. अशा वेळी एखाद्या जाणत्या दुकानदाराच्या नावानं काही शे जोड काढले तर कंपनीला लोकांचं मन स्वस्तात कळतं. खपले तर तेच साचे वापरून साधे रंग सगळ्या दुकानांत पाठवता येतात, नाही खपले तर नुकसान थोडक्यात आटोपतं. मर्यादित आवृत्ती म्हणजे कंपनीनं बाजाराला विचारलेला प्रश्न असतो.

यात आणखी एक अडचण आहे आणि ती रसायनशास्त्राची आहे. नमुन्यासाठी जुना मूळ जोड तरी शाबूत मिळायला हवा. पण बुटाच्या तळात बहुधा दोनपैकी एक फेस असतो. एक ईव्हीए, जो काळानुसार कडक होतो, आकसतो, दबतो. दुसरा पॉलियुरेथेन, जो टिकाऊ समजला जातो, पण त्याच्या एका प्रकाराचं पाण्याशी वैर आहे. त्याच्या रेणूंच्या साखळीत एस्टर नावाचे बंध असतात. हवेतली वाफ फेसात मुरते आणि हे बंध एकेक करून तोडते. बाहेरून काही दिसत नाही. एक दिवस बूट पायात घालावा, चार पावलं टाकावीत आणि तळाचा चुरा व्हावा, असं होतं. कोकणात, मुंबईत ज्यांनी चांगले महागडे बूट खोक्यात जपून ठेवले आणि तीन-चार पावसाळ्यांनी बाहेर काढले, त्यांना हा अनुभव असेल. त्यात दुकानदाराची फसवणूक नसते आणि आपला निष्काळजीपणाही नसतो. उष्ण दमट हवा ते काम करते. वापरात असलेला बूट पुष्कळदा जास्त टिकतो, कारण पावलाच्या दाबानं फेसातला ओलावा बाहेर पडत राहतो. त्यामुळे न वापरलेला, खोकंबंद जुना जोड संग्राहकाला कितीही मोलाचा वाटला तरी तो पायात घालण्याजोगा असेलच असं नाही. जुना बूट घालायचा असेल तर तो नव्यानंच बनवावा लागतो.

नव्यानं बनवताना मूळ आकार बिघडण्याची भीती असते. मूळ फर्मा नसतो, साचा नसतो, हाती असतो एखादा आकसलेला जोड आणि कॅटलॉगमधली छायाचित्रं. त्यावरून मापं घेऊन नवा फर्मा घडवतात. मग पुढच्या खेपेला त्या नकलेवरून पुढची नक्कल. बोटांकडचा भाग थोडा जाड होतो, टाचेचा उतार बदलतो, सबंध बूट मूळच्यापेक्षा बोजड दिसू लागतो. पहिला जोड पाहिलेल्या माणसाला ते लगेच खटकतं. 2020 साली जेल-लाइट थ्रीला 30 वर्षं झाली तेव्हा अॅसिक्सनं तो पुन्हा मूळ आकाराच्या जवळ नेला आणि मूळचा, या अर्थानं नावापुढे ओजी ही अक्षरं लावली. सहयोगांचे इतके रंग येऊन गेल्यानंतर कंपनी पुन्हा रचनेकडे वळली, हे मला फार चांगलं वाटलं. रंग पुढच्या हंगामात बदलतातच. टाचेचा उतार मात्र एकदा चुकला की चुकीचाच उतार मूळचा म्हणून ओळखला जाऊ लागतो.

मर्यादित आवृत्तीची दुसरी बाजूही सांगायला हवी. मोजके जोड, हजारो इच्छुक आणि सोडत, असं झालं की मधल्यामध्ये फेरविक्रीचा धंदा उभा राहतो. ज्याला बूट घालायचा नाही तो रांगेत उभा राहतो किंवा संगणकाकरवी शेकडो अर्ज भरतो आणि दुसऱ्या दिवशी तोच जोड कितीतरी पट किमतीला विकायला काढतो. पोरंटोरं बचतीचे पैसे त्यात घालतात. मला हे पटत नाही. बूट खोक्यात राहावा म्हणून कुणी जीभ दुभागली नव्हती. एखादं मॉडेल लोकांना खरोखर आवडलं हे कळल्यावर कंपनीनं ते सर्वांसाठी, साध्या किमतीला आणणं हेच योग्य. जेल-लाइट थ्रीच्या बाबतीत ते घडलं. आज तो गाजावाजा न करता साध्या दुकानांतही मिळतो, आणि पुनरुज्जीवनाचं यश मी यात मोजतो.

जुना बूट परत येतो तेव्हा त्यातलं सगळंच परत यावं असंही नाही. नायकीचा एलडी-1000 पाहा. 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात बोवरमन यांनी पायांच्या डॉक्टरांचा सल्ला घेऊन टाचेला खूप रुंद, बाहेर पसरलेला तळ दिला. टाच स्थिर राहील आणि गुडघ्यावरचा ताण कमी होईल, हा हेतू. पण पाऊल नेमकं पडलं नाही तर ती रुंद कडच पाय मुरगाळायची आणि गुडघे दुखू लागायचे. कंपनीला बूट परत मागवावे लागले. नाइट यांनी शू डॉग या आत्मकथनात हे मोकळेपणानं लिहिलं आहे. तोच बूट या दशकात स्टूसी या कॅलिफोर्नियात सुरू झालेल्या कपड्यांच्या ब्रँडसोबत परत आला आणि त्याची ती पसरट टाच लोकांना देखणी वाटली. आता त्यात कुणी पळत नाही, म्हणून बिघडत नाही. पण शेजारी शेजारी ठेवलेल्या या दोन बुटांत मला मोठा फरक वाटतो. एकाचा चुकलेला प्रयोग शोभेची वस्तू होऊन परतला आहे, दुसऱ्याचं बरोबर उत्तर अजून बरोबरच आहे. खरेदी करणाऱ्यानं हा फरक जाणून घ्यावा, इतकीच माझी अपेक्षा.

आणि बरोबर उत्तर असलेला बूटसुद्धा आजच्या शर्यतीचा बूट नव्हे. जानेवारीत मुंबई मॅरेथॉनला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेर पहाटे जमणाऱ्या गर्दीत अॅसिक्सचे बूट भरपूर दिसतात, पण ते निंबस, कायानो अशा चालू मालिकांचे असतात. गेल्या 30 वर्षांत फेस हलके झाले, जास्त उसळणारे झाले, तळ जाड झाले. जेल-लाइट थ्रीचा तळ त्या मानानं पातळ आणि कडक आहे. चालायला, दिवसभर उभं राहायला, कॉलेजला किंवा कचेरीत जायला तो उत्तम. 42 किलोमीटरसाठी तो घेऊ नये. विकत घेताना दुभागलेल्या जिभेमुळे पावलाचा वरचा भाग घट्ट आवळला जातो हेही लक्षात ठेवावं. ज्यांचं पाऊल उंच किंवा रुंद आहे त्यांनी अर्धं माप मोठं घालून पाहावं आणि संध्याकाळी पाहावं, कारण दिवसअखेर पाऊल थोडं सुजलेलं असतं.

फीगचं नाव आज सगळ्या जगाला ठाऊक आहे. मित्सुईंचं नाव बुटांच्या वेडापायी जुनी माहिती उकरून काढणाऱ्यांनाच माहीत होतं आणि तेही तो बूट परत आल्यावर. 1990 साली बुटाच्या रचनाकाराचं नाव विचारण्याची पद्धत नव्हती. तो कंपनीतला एक नोकरदार होता. सहयोगांच्या या लाटेनं केलेलं सगळ्यांत चांगलं काम मला हेच वाटतं. लोक रंग पाहायला आले आणि मग हा बूट मुळात कुणी केला, असं विचारू लागले. एरवी कायानो या नावामागे तोशिकाझु कायानो नावाचा रचनाकार आहे, 1993च्या पहिल्या जेल-कायानोसाठी त्यानं शिंगवाल्या भुंगेऱ्याच्या कवचाचा आधार घेतला होता, हे कुणी शोधलं असतं?

त्याच मालिकेतल्या 2008च्या जेल-कायानो 14चंही पुढे असंच झालं. पळणाऱ्यांनी तो वापरून टाकून दिला होता. या दशकाच्या सुरुवातीला माँट्रियलच्या जस्टिन सॉन्डर्स यांच्या जाउंड या स्टुडिओनं तो निवडला, चंदेरी पट्ट्यांना जवळजवळ हात न लावता फिके, शांत रंग दिले आणि तो पुन्हा सगळीकडे दिसू लागला. पूर्वी जुना बूट परतायला सतरा-अठरा वर्षं लागत, आता तो पल्ला आणखी कमी होतो आहे. कोबेला अॅसिक्सच्या मुख्यालयालगत कंपनीचं क्रीडा संग्रहालय आहे आणि ओनित्सुकांच्या काळापासूनचे बूट तिथे ठेवलेले आहेत. ज्यांची नावं अजून कुणी विचारलेली नाहीत, अशा रचनाकारांचं कामही त्यात आहे.